बुडालेला खर्च

सोमवारी सकाळी आठला, माटुंग्यात, तिसऱ्या मजल्यावर
मी फळ्यावर सिनेमाचं तिकीट काढते.
चारशे रुपये. पिक्चर रद्दी आहे. मध्यंतर झालंय.
उठाल की बसाल?
साठातले चाळीस बसतात, दरवर्षी.
मग मी तिकिटावर फुली मारते:
गेले ते गेले, पुढचा दीड तास तरी वाचवा.
बुडालेला खर्च निर्णयात धरायचा नाही.
खाली रेघ. दोनदा.
बावीस वर्षं झाली. खडू जाऊन मार्कर आला,
साठचं तिकीट चारशेला गेलं,
बसणारे चाळीसच.

संशोधन विचाराल तर
त्रेचाळीस दुकानं, जी गणिताप्रमाणे
कधीच बंद व्हायला हवी होती.
टाइपरायटरच्या रिबिनी, छत्रीच्या तारा, पेट्रोमॅक्सच्या जाळ्या.
लोहार चाळ ते भेंडीबाजार, पाच उन्हाळे, स्टुलावर बसून.
प्रश्न अठ्ठावीस. चहा प्रत्येक ठिकाणी दोनदा.
तोटा आहे हे ठाऊक आहे का? आहे.
मग उघडता का?
इथे माणसं पंख्याकडे बघतात
आणि मी लिहिते: उत्तर नाही.
एकट्या सत्तावीस नंबरनं, बटणवाल्यानं, विचारलं,
"बंद करून सकाळी दहाला जायचं कुठं,
तेवढं तुमच्या कागदात बघून सांगा."
तळटीपेत घातलं ते वाक्य.
परीक्षक म्हणाले, काढा, निष्कर्षाला याचा उपयोग नाही.
नाही काढलं.
आयुष्यातली बंडखोरी म्हणायची तर एवढीच.

शनिवारी संध्याकाळी गिरगावात
विजयकर सरांबरोबर कॅरम.
माझ्या प्रबंधाची तीनशे पानं
ज्यांनी पेन्सिलीनं तपासली, ते आता
दर दोन फटक्यांनी विचारतात, पाळी कुणाची?
मी कधी मालविका असते, कधी त्यांची बहीण.
बोटाला मात्र स्ट्रायकर ओळखू येतो.
क्वीन हरवलीय मार्चपासून.
एका पांढऱ्या सोंगटीला लाल शाई फासून चालवतो,
सरांची बोटं रंगतात,
मग त्यांना वाटतं, मतदान झालं.

गेल्या सोमवारी फुली मारली
आणि मागच्या बाकावरून रिझवाना सोलकर उठली.
एरवी बोलत नाही. हिरव्या पेनानं लिहिते.
"मॅडम, सत्तावीस नंबर माझे अब्बा."
नावं काढली होती मी. पत्ते काढले होते.
"तळटीप वाचली. असं तेच बोलतात."
मी मार्करचं टोपण शोधत राहिले, ते हातातच होतं.
"माझी फी त्या दुकानातून येते.
तुमच्या तक्त्यात मी कुठे धरलीय?"
तास संपायला अकरा मिनिटं होती.
धरलेली नाही, म्हटलं मी.
ती बसली. लिहून घेतलं तिनं,
बाकीच्यांनीही.

बुधवारी गेले.
"स्टुलावाल्या बाई ना?"
बरण्यांत शिंपल्याची बटणं, लाकडी, शेरवानीची पितळी.
रिझवानाचा विषय दोघांनीही काढला नाही.
एक लाल बटण हवं होतं, ओव्हरकोटाचं, मोठं.
"एक कसं देऊ? डझन घ्या." साठ रुपये.
पाकीट उघडलं तर त्यांनी हातानंच थांबवलं,
लांबट वहीत लिहिलं:
स्टुलावाल्या बाई. ६०. बाकी.
"राहू द्या. येणं होईल परत."
बावीस वर्षं हिशेब शिकवते,
कुणाच्या वहीत चढले ती पहिल्यांदाच.

शनिवारी सर म्हणाले, हे काय?
क्वीन, सर.
हलकं होतं. पहिल्याच फटक्याला
बोर्ड ओलांडून कपाटाखाली गेलं.
सर एवढे हसले की कवळी सावरावी लागली.
मग दोघंही गुडघ्यांवर, मोबाइलचा उजेड,
गंजका ढालीचा बिल्ला, बिडीचं थोटूक, पालीचं शेपूट,
आणि भिंतीला टेकून उभी
मार्चातली क्वीन.

बटण सापडलं नाही. अकरा उरलीत.
"पाळी कुणाची?" सरांनी विचारलं.
मला खरंच आठवत नव्हतं.