गोंगाट वजा करून

ग्रिम्झबीच्या वाचनालयाखाली, बॉयलरला खेटून
माझं टेबल. तीन डेक, त्यातला एकच धड चालतो,
आणि चारशे बारा कॅसेटी,
मासळी लिलावाच्या पावत्यांच्या पाठीवर
कुणी कुणी लिहिलेली नावं चिकटवलेल्या.

कौन्सिलचं पत्र आलंय: मार्चअखेर
सगळं नव्या कोडेकमध्ये. जागा निम्मी लागेल.
‘निम्मी’ तेवढं ठळक केलंय त्यांनी.

वरच्या मजल्यावरचे विचारतात, नक्की करतेस काय तू?
सांगते, डबा वेगळा आणि आतली घडी वेगळी.
डब्यावरचं नाव खोडलं म्हणून घडी बदलत नाही,
आणि घडी उलगडता येत नसेल
तर डबा उघडूनही पडदा काळाच.
इचलकरंजीला बाबा धोतरजोड्यांच्या घड्या घालायचे,
वीतभर रुंद, ना कमी ना जास्त.
त्यांना हे एका वाक्यात कळलं असतं.

नवा कोडेक हुशार आहे, म्हणजे चिक्कू आहे.
पहिलं चित्र पुरतं लिहितो,
मग जे सरकलं तेवढंच.
गोदीची भिंत एकदा. क्रेन एकदा.
सीगल मात्र दर वेळी, जिवावर आल्यासारखे.
पाणी त्याला परवडत नाही,
पाण्याला मागच्या क्षणाचं काहीच आठवत नाही.
आणि बारीक काही भुरभुरत असेल,
दाणे, कण, जुन्या टेपची खरखर,
तर त्याला तो गोंगाट म्हणतो
आणि वजा करतो.

गुरुवारी एनिड ऑस्गरबी आली. एक्क्याऐंशी वर्षांची,
जिने उतरताना दर पायरीला एक शिवी.
कॅसेट शहाऐंशी सालची,
दिरानं भाड्यानं आणलेल्या कॅमेऱ्यावर घेतलेली:
नवऱ्याची बोट भंगारात निघाली तो दिवस.
लेन धक्क्यावर उभा. चाळीस सेकंद.
हलत नाही, म्हणून कोडेकनं त्याला
एकदाच लिहून ठेवलाय.
फक्त पापण्या परत परत.

चित्र झकास आलं होतं. मला वाटलं, खूश होईल.

‘हे कुणी धुतलं?’ ती म्हणाली.
‘त्या दिवशी स्लीट पडत होतं.’
पाऊसही नाही, बर्फही नाही असं जे पडतं
त्याला माझ्याकडे शब्द नव्हता;
इथे आल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात शिकले.
‘त्याच्या डोळ्यांत जात होतं ते. म्हणून मिटत होता.
आता बघ कसा दिसतोय.
लेन रडला नव्हता. मी शेजारीच होते.’

सेटिंग बदललं. गाळणी बंद केली.
रात्रभर पंखा घरघरला, फाइल तिप्पट झाली,
पाच मिनिटांच्या चित्रफितीचं ओझं
एखाद्या अख्ख्या लग्नाएवढं.

शुक्रवारी पुन्हा तोच जिना, त्याच शिव्या.
आता पडद्यावर तिरकं तिरकं पडत होतं,
टोपीवर, खांद्यांवर, गंजलेल्या साखळीवर,
आणि त्याच्या मागे लेन
पापण्या मिटत, उघडत.
तिनं दोनदा पाहिलं.
मग कालची धुतलेली परत लावायला सांगितली.
मग पुन्हा ही.
बॉयलर चालू झाला, बंद झाला.

‘दोन्ही दे,’ म्हणाली, माझ्याकडे न बघता.

तिच्या घरच्या टीव्हीला दोन्हींतली एकही उघडत नाही.
दोन डीव्हीडी करून दिल्या, जुन्याच पद्धतीच्या,
पुतण्याचा प्लेअर अजून चालतो म्हणे.

कौन्सिलच्या तक्त्यात एक रकाना आहे:
आकार वाढण्याचं कारण.
त्यात मी ‘हवामान’ लिहिलं,
आणि पुढची कॅसेट घेतली. चारशे अकरा उरल्या,
तिच्यावर नाव नाही, नुसतं पेन्सिलनं ‘नको पुसू’.