डाव्या हाताचा भाव

उद्यमनगरात लेथचा पट्टा थांबतो साडेआठला.
मी हात रॉकेलनं धुतो, मग साबणानं, मग पुन्हा साबणानं,
तरी मोबाइलची काच माझा अंगठा ओळखत नाही.

मला एक मूठ पाहिजे.
दहा मीटरच्या एअर रायफलची, अक्रोडाच्या लाकडाची.
एका अ‍ॅलन-कीनं बसते, त्याच अ‍ॅलन-कीनं निघते.
दुधाळीच्या रेंजवर क्लबची रायफल चार पोरं वाटून घेतात,
तिची मूठ उजव्यांची.
तन्झिला डावखुरी.
अंगठ्याचा खळगा नको तिथं येतो,
म्हणून ती मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळते
आणि साठ गोळ्या झाल्या की सोडून ठेवते,
दुसऱ्याच्या हाताला चिकटू नये म्हणून.

रात्री अकरा ते एक मी बाजार फिरतो.
झेकमध्ये एकशे दहा युरो. इटलीत नव्याण्णव, पाठवणी वेगळी.
दिल्लीवाला म्हणतो अठरा हजार, बिल नको असेल तर सोळा.
कपिलतीर्थात मेथीची जुडी मी कधी सांगितल्या भावात घेतली नाही.
पाठ फिरवायची, चार पावलं जायचं,
मागनं हाक येतेच, "या ओ मामा, न्या."
इथं पाठ कुणाला फिरवू?
मोबाइल उपडा ठेवला तरी किंमत तिथंच बसलेली,
हाक मारत नाही.

मग एका गुरुवारी, सत्ताविसाव्या पानावर,
किमतीवर लाल रेघ. शहाण्णव खोडून एकोणतीस.
मी घाबरलो. तडा असेल, कीड असेल.
फोटो ताणून ताणून बघितला, लाकूड निर्मळ.
खाली बारीक अक्षरात कारण होतं:
डावी. लहान. सहा वर्षं पडून.

या एका शब्दापायी पोरीनं किती खाल्लंय.
दस्तरखानावर माझी बहीण मनगटावर चापट मारायची.
शाळेत बाईंनी पेन्सिल काढून दुसऱ्या हातात दिली.
उरुसात खिरीचा द्रोण डाव्यात धरला
तेव्हा डोळे वटारले ते मी. मीच.
आणि चारचौघांत सांगतो,
आम्ही पोरांत कधी डावंउजवं केलं नाही.

सवय जात नाही. मी लिहिलं, "शेवटचं किती?"
सकाळी उत्तर, खाली नाव उलरिके.
याच्या खाली येत नाही, गोदामाचं भाडंही सुटलेलं नाही.
पण हात खरंच लहान आहे ना? मापून कळवा,
परत पाठवणं तुम्हाला महागात जाईल.
भाव एक पैसा उतरला नाही.
मला मात्र बरं वाटलं, पलीकडं माणूस होता.

तन्झिलाला म्हटलं, वहीच्या पानावर हात ठेव.
तिनं उजवा ठेवला.
"डावा गं."
ती माझ्याकडं बघत राहिली, मग ठेवला.
बोटाबोटांतून पेन्सिल फिरवली, कॅलिपर लावला:
चौऱ्याहत्तर पूर्णांक दोन.
पंचवीस वर्षं लोकांच्या पंपांचे शाफ्ट मोजले,
हे माप घरात होतं.

मूठ एकोणतीस, पाठवणी एकतीस, कस्टमचे आणखी.
वस्तूपेक्षा वाट महाग.
बंडू सुतार हसला, "एवढ्यात मी शिसवी करून दिली असती की."
दिली असती. झकास दिली असती.
पण पोरगी डावखुरी आहे
हे दोन वर्षांत मी त्याला सांगितलंच नव्हतं.

आज खोका आला.
आत भुसा, कागद, आणि ती.
तन्झिलानं धरली. अंगठा कुठं ठेवायचा, विचारावं लागलं नाही.
करंगळीशी जराशी सैल आहे.
मी कानस घेऊन उठलो तर म्हणाली, "अब्बा, राहू दे."

रात्री भाकरी तिनं उजव्यानंच मोडली.
डावा ताटाशेजारी ठेवला होता,
पाहुण्याला बसवतात तसा.