दुधाची साखर

सूरच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
जिथे एसीचं पाणी दिवसभर बादलीत ठिबकतं,
तिथे माझी खोली. दाराला दोन कुलुपं,
दोन्ही किल्ल्या माझ्याच गळ्यात,
मंगळसूत्राला अडकतात कधीकधी.

कुणाला काय मिळतं हे वर डॉक्टरांना माहीत नाही.
नर्स जोसमोलला माहीत नाही.
मस्कतला बसून आकडे लावणाऱ्याला
मुद्दामच सांगितलेलं नाही.
एकशे बारा माणसं, मधुमेहानं पाय जळणारी.
निम्म्यांना औषध,
निम्म्यांना दुधाची साखर,
त्याच लाल टोपणाच्या कॅप्सूलमध्ये.
मधुमेह्यांना साखर!
पहिल्या आठवड्यात यावर हसले होते, एकटीच.

क्रमांक एक्केचाळीस, खल्फान बिन सालिम,
गलबतांचा सुतार. गलबतं आता फायबरची, तो घरी.
एक आड एक बुधवारी खिडकीशी येतो
वहाणा हातात घेऊन.
"बेंगुर्ल्याची ना तू?"
मी कुडाळची. पण हो म्हणते.
सागाच्या एका ओंडक्यासाठी तो तिथे
अठरा दिवस थांबला होता म्हणे,
आणि फणस खाऊन पोट बिघडलं होतं.

सही घेताना त्याला सांगितलं होतं,
नुसती साखरही असू शकते, बाबा.
उद्या वारा कुठून, ते ऐकावं
तशी त्यानं मान हलवली होती.

सहाव्या आठवड्यात म्हणाला, आग विझली.
रात्री झोप लागते. बोटांना गालिचा कळतो.
पहाटेच्या नमाजाला चालत जातो.
आणि पिशवीभर सुकी लिंबं ठेवली खिडकीत.
भेट घ्यायची नाही, असा नियम.
मी वहीत नोंद केली:
लिंबं, एकवीस. परत केली, वीस.

नियम आणखीही एक आहे:
चेहऱ्यावरून कळता कामा नये.
त्याचा सराव मला आधीपासूनचा.
कुडाळहून फोन येतो, बरी आहेस ना?
बरी आहे.
नऊ वर्षं रोज रात्री हाच डोस,
आणि तिकडे सगळे शांत झोपतात.

एप्रिलमध्ये पाकिटं फुटली.
दोन गटांत सांगण्यासारखा फरक नाही.
मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले,
मग शेवटची ओळ लिहिली,
अधिक अभ्यासाची गरज आहे.
आग दोन्हीकडे कमी झाली होती.
का, ते कुठल्याच रकान्यात बसेना.

आज अभ्यास नाही, तरी बुधवार म्हणून तो आला.
"कॅप्सूल?"
संपल्या, बाबा.
"बाजारात मिळतील?"
मी कपाटाकडे वळले. कपाट रिकामं होतं.
खिशातून त्यानं आमचंच पत्र काढलं,
शिक्क्याचं, चार घड्या घातलेलं.
अक्षर बारीक आहे, म्हणाला,
मुलगा सोहारहून येईल शुक्रवारी,
तो वाचून दाखवेल.

शुक्रवार.
म्हणजे अजून दोन रात्री.

तो निघाला. बाहेर फरशी तापलेली,
वहाणा अजून हातातच.
मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकून ओरडले,
घाला त्या! पायात घाला!
रांगेतली माणसं वळून बघायला लागली.
त्यानं हात वर केला,
वहाणांसकट,
निरोप घेतल्यासारखा.