दोन ओळींचा क्रम

पिलेरीनच्या सायकलीचं पुढचं चाक वाकडं आहे.
नदीकाठच्या काचेच्या इमारतीतून
संगणकाचा तास संपायच्या आत ती निसटते
आणि गावाबाहेर आमच्या प्रयोगशाळेत पोचते
ती सात मिनिटं उशिराच.
तार्तूत नोव्हेंबरात चारलाच रात्र होते.
मी हेल्दुर, उपकरणांच्या खोलीच्या किल्ल्या माझ्याकडे.
हजेरीची वहीही माझ्याकडे;
ती सात मिनिटं मी लिहीत नाही.

पदार्थविज्ञान आणि संगणक, दोन्ही डगरींवर हात.
मधून नदी वाहते, गोठायच्या बेतात.

काल तिच्या पडद्यावरचा लंबक चळला.
दर झोक्याला थोडा वर, आणखी थोडा वर,
शेवटी गरगर फिरायलाच लागला.
शेजारी माझा पितळी लंबक,
छत्तीस वर्षं पोरं त्याला सोडतात
आणि तो आपला मुकाट थांबतो.

"ही वरकड ऊर्जा आली कुठून?
फुकट कोणी देत नाही," म्हणत सर घरी गेले.
तिकडचा राउल फोनवर म्हणाला, काळाची पावलं लहान कर.
तिने केली. निम्मी. मग निम्म्याची निम्मी.
लंबक चढतच राहिला, फक्त सावकाश,
वाण्याकडची उधारी चढते तसा.

आठ वाजले. मी राईच्या पावाचा शेवटचा तुकडा
तिच्यापुढे सरकवला. तो तसाच राहिला.
एकाएकी तिने दोन ओळींची अदलाबदल केली.
"मी आधी जागा बदलत होते, मग वेग.
आधी वेग बदलायचा, हेल्दुर,
आणि त्या नव्या वेगाने जागा."
छत्तीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेल्या माणसाला
हे सांगत होती!
पण लंबक ताळ्यावर आला.
वर-खाली, वर-खाली, जमाखर्च जवळजवळ चोख.

ती हसली नाही. बघत राहिली.
"आता हा थांबतच नाही."

मी खिडकी बोटभर उघडली.
"हवा घातलीस का त्यात?
आणि ती वरची बिजागरी, ती कुरकुरते.
तेल द्यायचं माझ्याकडून राहिलंय."

तिने हवेची एक ओळ लिहिली.
बिजागरीच्या कुरकुरीला काय आकडा द्यायचा,
हे मलाच विचारत बसली.
मला काय ठाऊक? मी म्हटलं, थोडा.

ती गेली, एक हातमोजा विसरून.
दिवा मालवताना पाहिलं:
फटीतल्या वाऱ्याने पितळी लंबक
जरासा हलत होता.
मी त्याला हात लावला नाही.