केळदच्या चार खेपा

धायरीत इलियास मिस्त्रीनं जिप्सीचं बॉनेट
दोन्ही हातांनी दाबलं आणि सोडलं.
एक. दोन. तीन. साडेतीन.
"डॉक्टर, प्रश्न संपून गेला,
हिची मान अजून डोलतेय."
मागच्या डाव्या शॉकवर तेल ओघळलेलं,
सर्दी झालेल्या कालवडीच्या नाकाखाली असतं तसं.
मी बोट लावून पाहिलं. वासही घेतला. सवय.

मग नाना पेठ.
गाडी लावायला जागा नाही म्हणून रिक्षानं,
मांडीवर जुना शॉक, वर्तमानपत्रात गुंडाळून.
दर खड्ड्याला रिक्षावाला आरशातून
माझ्याऐवजी त्याच्याकडे बघायचा.

मुस्तनसिरभाईंनी तीन खोकी उघडली.
पहिला तेलाचा, कंपनीतून येतो तोच.
दुसरा गॅसचा, जाड नळकांड्याचा, विटकरी.
तिसऱ्याला बाहेर वेगळी टाकी आणि एक बटण,
आठ टिचक्यांचं, मऊपासून कडकपर्यंत.
मी ते उगाच फिरवत बसले.
किंमत ऐकली.
मी किमती जनावरांत मोजते, त्याला इलाज नाही:
पहिल्या चारांत एक शेळी,
दुसऱ्या चारांत दोन गाभण शेळ्या,
तिसऱ्यांत दुभती म्हैस, दाव्यासकट.

"गाडीत कायम काय असतं?" त्यांनी विचारलं.
"कायम. हौसेचं सांगू नका."
नायट्रोजनचं भांडं, उणे एकशे शहाण्णव,
त्यात कांड्या, कांड्यांत पुढच्या वर्षीची वासरं.
औषधांची पेटी. दोर. कॅल्शियमच्या बारा बाटल्या.
गमबूट. कधीतरी एखादं वासरू,
आणि वासरू असलं की त्याचा मालकही.
"आणि येताना?"
येताना मी. कधी पिशवीभर तांदूळ.

ते म्हणाले, लोकांचा गैरसमज आहे बघा.
शॉक धक्का खात नाही. धक्का पाटे खातात.
शॉक फक्त एवढंच बघतो
की खाल्लेला धक्का पुन्हा पुन्हा वर येऊ नये.
रवंथ होऊ नये, मी म्हटलं.
ते हसले नाहीत. पावतीपुस्तक शोधत होते.

श्रावणात, रात्री, केळदच्या अलीकडे
उखडलेल्या चढावर मी पहिल्या गिअरमध्ये होते.
पट्ट्यात भांडं नाचत होतं, झाकण खडखडत,
आणि मी त्याला जपत, हळू, अजून हळू.
पोचले तेव्हा बत्ती जमिनीवर ठेवलेली होती.
रेडकाचे पाय तेवढे बाहेर.
म्हैस जगली.
धोंडाबाई म्हणाली, "बाई, च्या घ्या."
च्या फार गोड होता.

हे मी मुस्तनसिरभाईंना सांगितलं नाही.
"तिसराच घ्या," दुकानातलं पोरगं म्हणालं,
"डोंगराला तोच."
पण बटण कोण फिरवणार, पाबे घाटात, अंधारात,
जाताना कडक, येताना मऊ?
परत निघताना माझे हात
खांद्यापर्यंत दुखत असतात, बोटं वळत नाहीत.
आणि कायमचा कडक ठेवला तर रिकामी गाडी
दगडागणिक उडेल, माझे मणके मोजत.
दुसरा द्या. विटकरी. चार नग.

इलियासनं दुपारभर गाडी घोड्यांवर चढवून ठेवली.
एक बोल्ट गंजून अडला,
त्याला रॉकेल आणि शिव्या, आळीपाळीनं.
उन्हं कलल्यावर म्हणाला, आता तुम्ही दाबा.
मी दाबलं. सोडलं.
एक.
दुसऱ्याची वाट बघत तो बोट वर धरून उभा.
मग बोट खाली आणलं, फडक्याला पुसलं.

"पाचशे किलोमीटर झाले की या,
नट परत आवळायचे."
पाचशे म्हणजे केळदच्या चार खेपा.
तिसरीच्या सुमाराला
धोंडाबाईची दुसरी म्हैस व्यायची आहे.
तारीख डॅशबोर्डवर खडूनं लिहून ठेवलीय,
टायरच्या हवेच्या आकड्याशेजारी.