बसलेला आवाज

हुपरीहून पहिल्या एसटीनं आलेत.
केसपेपरवर: प्रणोती, वय नऊ, आवाज बसला, अडीच महिने.
बाप सांगतो, आई मधेमधे दुरुस्त करते,
आणि जिचा आवाज बसलाय ती
माझ्या स्पिरिटच्या दिव्याकडे बघत राहते.

‘तेजाबाचा धूर हाय वो घरात. पैंजणं धुतो आम्ही.’
‘धूर न्हवं, शाळेत लई वरडती, बाई म्हनत्यात.’
ज्येष्ठमध झालं. हळदीचं दूध झालं.
इचलकरंजीच्या डॉक्टरांच्या तीन बाटल्या झाल्या.

आपल्याकडं आवाज बसतो,
जसा धुरळा बसतो, पाहुणा बसतो.
म्हणून कुणी घाबरत नाही.
बसलेलं उठेलच की कधीतरी.

मीही घाबरले नव्हते तीन वर्षांमागं,
बोरवड्याचा तो मुलगा आला तेव्हा.
‘ओरडू नकोस रे, महिनाभर मौन,’ लिहून दिलं होतं.
त्यानं पाळलं. फारच नीट पाळलं.
पुन्हा आला तेव्हा घशाला छिद्र पाडूनच
श्वास द्यावा लागला.
घरात कुणी खोकतं का, विचारलं होतं मी?
कागदावर तरी नाही.

आरसा दिव्यावर धरते, आतल्या वाफेनं धुरकटू नये म्हणून.
आधी माझ्या मनगटाला लावून बघते.
‘ई म्हण.’
‘ई. ईडलिंबू,’ ती म्हणते, नुसत्या वाऱ्यानं.

डावा तंतू पांढरा, ताणलेला.
उजवा लाल, जाड,
कडेला उंदरानं कुरतडल्यासारखा.
ओरडणाऱ्या पोरांच्या गाठी जोडीनं येतात, समोरासमोर.
मस्से असते तर घड धरला असता.
हे एकाच बाजूचं आहे, आणि गिळताना कानात कळ जाते म्हणते.
मानेवरून बोट फिरवलं: एक गाठ, तिच्याखाली दुसरी.
फ्रॉकला आईनं खांद्यावर टाके घातलेत, नवे.
वजन विचारायची गरजच उरली नाही.

‘थुंकी तपासा की मग,’ बाप म्हणतो.
पण मुलं थुंकत नाहीत, दादा.
मुलं गिळतात.

म्हणून तीन पहाटे, पाच वाजता,
वॉर्ड अर्धा झोपेत, चहावाल्याची किटली अजून जिन्यात,
नाकातून नळी पोटात.
तिनं सिस्टरचा अंगठा धरला आणि सोडला नाही.
रात्रभर जे खोकून गिळलं ते
सिरिंजमध्ये वर आलं, पाण्यासारखं, निरुपद्रवी दिसणारं.
चौथ्या दिवशी भूल देऊन तंतूच्या कडेचा
तांदळाएवढा तुकडा.

मशीननं पोटातलं सांगितलं. तुकड्यानंही तेच.
क्षय, स्वरयंत्राचा. हातावरची मँटू सतरा मिलिमीटर.
नऊ वर्षांच्या गळ्यात हे आपणहून उगवत नाही.

‘घरात कोण खोकतं?’
बाप भिंतीवरच्या पोलिओच्या चित्राकडं बघतो.
आई पदर सारखा करते.
‘कुणी न्हाई.’
मी दोघांना एक्स-रे आणायला पाठवलं.
ती कॉटच्या कडेला, पाय लोंबकळत,
कुणाचा तरी जुना पैंजण पायात.

‘तुझ्याशेजारी बसून घुंगरं कोण ओवतं गं?’
कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.
‘त्रिशला आत्ती.
ती खोकली की मी टीव्ही मोठा करते.
माघात तिचं लगीन हाय.
पोटात ठेव म्हणाली.’

मी मास्क सरळ करत बसले. बराच वेळ.

त्रिशला आली दोन दिवसांनी, ओढणीत तोंड.
मुलीकडं बघितलं नाही, मला म्हणाली,
‘माझ्या आधी तिलाच औषध सुरू करा.’
म्हटलं, दोघींना एकाच दिवशी सुरू होईल.
लग्नाचं मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

चौथ्या महिन्यात, मंगळवारी,
‘ई म्हण.’
तिनं म्हटलं.
मधे चिरलेला, घोगरा, पण आवाज.
बाप उगीचच हसला आणि खिशात रुमाल शोधू लागला.

त्या संध्याकाळी ओपीडी आटपल्यावर
बोरवड्याचा नंबर लावला.
दोनदा रिंग गेली.
तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला,
‘हॅलो’ म्हणालं नाही,
नुसता श्वास.