वाटाण्यांचा डबा

शनिवारी बाबांची बावीस कबुतरं
बूर्जहून सुटली, सकाळी सातला.
तिथून आमचं छप्पर साडेचारशे किलोमीटर,
वारा पाठीशी असला तर सहा तास.

दुपारी एकपासून ते अंगणात खुर्ची टाकून बसले,
मांडीवर शर्यतीचं घड्याळ, हातात वाटाण्यांचा डबा.
डबा खुळखुळला की पाखरं खाली उतरतात.
चाळीस वर्षांचा करार.

तीन वाजले. पाच वाजले.
आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख,
दक्षिणेला एक ठिपका नाही.
सहाला मॉरिट्सचा फोन: ओडील, तुझी आली?
नाही. तुझी?
नाही.
दोघांचाही एकमेकांवर विश्वास बसला नाही.

रात्री कालव्यावरचं आभाळ बिटाच्या पाण्यासारखं लाल झालं.
लोक मोबाइल उंचावून रस्त्यावर आले,
गोदलीव्हने तर पोरांना झोपेतून उठवलं.
बाबांनी एकदाच वर पाहिलं,
म्हणाले, कुणाचं कोठार पेटलंय?

सकाळी रेडिओने सांगितलं:
सूर्यावर काहीतरी फुटलं,
दोन दिवसांची वाट कापून इथवर आलं,
आणि पृथ्वीचं चुंबक थरथरलं.
विमानं वळवली. बटाट्याच्या शेतात
ट्रॅक्टर तिरके चालले.
कबुतरांविषयी अक्षर नाही.

आजवर हरवलेल्या प्रत्येक पाखरामागे
बाबांकडे एक आरोपी असायचा:
ससाणा, विजेच्या तारा, ट्रकवाला,
आणि बहुतेक वेळा मॉरिट्स.
या वेळी त्यांनी माळ्यावरून वेल्डिंगची काच शोधून आणली,
डोळ्यांवर धरून सूर्याकडे बराच वेळ पाहिलं
आणि एक शिवी हासडली,
जी मी आधी एकदाच ऐकली होती:
आईला इस्पितळात ठेवून परतताना, गाडीत.

तीन आली.
त्यातलं एक अकराव्या दिवशी, चालत,
सायकलींच्या रस्त्याच्या कडेने,
उशीर झालेल्या कारकुनासारखं खाली मान घालून.

मग एका संध्याकाळी छपरावर एक परकं उतरलं.
राखी, छाती खपाटीला गेलेली,
पायात इंग्लंडची कडी.
चुकलेलं पाखरू बाबा पोसत नाहीत.
मान पिरगळतात, सूप करतात,
हे आख्ख्या गावाला ठाऊक.
मी मुकाट्याने कांदे चिरायला घेतले,
पातेल्यात पाणी ठेवलं.

पाणी उकळून अर्ध्यावर आलं.

बाहेर डबा वाजत होता,
हळू, थांबून थांबून,
भाषा न येणाऱ्या माणसाशी
आपण बोलतो, तसा.